वाचकांचे प्रश्न : एकाच मेघाची दोन वजनं

प्रश्न : एम ७४ दीर्घिकेचा कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा (अल्मा दुर्बीण, जवळच्या दीर्घिकांतल्या वायूचे नकाशे काढणाऱ्या फँग्ज प्रकल्पाची खुली फाइल) मी आणि मैत्रिणीने उतरवून घेतला. एकच मेघ निवडला. सरासरी तीव्रता १३ केल्विन-किमी प्रति सेकंद, क्षेत्रफळ ५,००० चौरस पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं). माझ्या हिशेबाने वस्तुमान २.८ लाख सूर्यांइतकं, तिच्या हिशेबाने ४.३५ लाख. चुकलं कोण?
— एमएस्सीचा विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तुम्ही. १३ ला थेट ४.३५ ने गुणलंत. कार्बन मोनॉक्साइडच्या तीव्रतेवरून मेघातल्या वायूचं वस्तुमान काढायचा हा गुणक आहे ११५ गिगाहर्ट्‌झच्या पहिल्या रेषेसाठी (रेषा म्हणजे हा रेणू ज्या ठरावीक वारंवारतेवर लहरी सोडतो ती), आणि तुमची फाइल आहे २३० गिगाहर्ट्‌झच्या दुसऱ्या रेषेची. दुसरी रेषा पहिलीच्या साधारण ०.६५ पट तीव्र असते. म्हणून आधी १३ भागिले ०.६५, म्हणजे २०. मग २० गुणिले ४.३५, म्हणजे दर चौरस पार्सेकला ८७ सूर्य. त्याला ५,००० ने गुणलं की ४.३५ लाख. (गुणक आणि उत्तर सारखे दिसतात, तो निव्वळ योगायोग.) हेलियमचं वजन या गुणकातच धरलेलं असतं, ते वेगळं मिळवू नका.

मैत्रिणीलाही एक सांगणं आहे : वहीत ‘सुमारे ४ लाख’ लिहा. आपल्या आकाशगंगेतही हा गुणक तीसेक टक्के इकडेतिकडे होतो. दीर्घिकेच्या केंद्राजवळ तो बहुधा कमी भरतो. जड मूलद्रव्यं कमी असलेल्या छोट्या दीर्घिकांत मात्र बराच वाढतो, कारण तिथे धुळीचा आडोसा विरळ असतो आणि अतिनील प्रकाश कार्बन मोनॉक्साइड फोडून टाकतो. हायड्रोजन शाबूत राहतो, पण त्याचा पत्ता सांगणारा नाहीसा होतो.

फाइल उघडल्यावर पहिल्यांदा शीर्षभागातलं एकक वाचा. ‘ज्यान्स्की प्रति बीम’ (ज्यान्स्की हे रेडिओतीव्रतेचं एकक, बीम म्हणजे दुर्बिणीला वेगळा दिसणारा सर्वांत लहान ठिपका) असेल तर केल्विनमध्ये बदलल्याशिवाय वरचा हिशेब लागू होत नाही. २३० गिगाहर्ट्‌झला एक आर्कसेकंदाचा (अंशाचा ३,६००वा भाग) गोल बीम असेल तर १ ज्यान्स्की प्रति बीम म्हणजे जवळपास २३ केल्विन. फाइलच्या नावात ‘ब्रॉड’ आणि ‘स्ट्रिक्ट’ असे दोन प्रकार दिसतील. एकूण वायू मोजायचा तर ब्रॉड घ्या, कारण स्ट्रिक्टमध्ये फिकट वायू गाळलेला असतो. वेगाच्या नकाशाला मात्र स्ट्रिक्टच बरी. नावात ‘१२एम+७एम+टीपी’ (१२ आणि ७ मीटरच्या अँटेना, शिवाय एकेकट्या तबकडीने मोजलेली एकूण तीव्रता) आहे का, हेही तपासा. नुसत्या १२ मीटरच्या अँटेना दूरदूर पसरलेला वायू पकडतच नाहीत आणि वस्तुमान कमी येतं.

अंतराचंही भान हवं. ९८ लाख पार्सेकवर एक आर्कसेकंद म्हणजे साधारण ४८ पार्सेक. अंतर १० टक्के जास्त धरलं तर वस्तुमान २१ टक्के फुगतं, कारण क्षेत्रफळात अंतराचा वर्ग येतो.

प्रश्न : मेघात हायड्रोजनच भरलेला असतो, मग तोच का मोजत नाहीत?
— शिक्षिका, महाल

उत्तर : हायड्रोजनच्या रेणूतले दोन्ही अणू सारखे, त्यामुळे तो फिरला तरी रेडिओलहरी जवळपास सोडत नाही. त्याची सगळ्यात सोपी रेषा २८ मायक्रॉनची, पण ती पेटायला सुमारे ५०० केल्विनची ऊर्जा लागते. नागपूरचा ४५ अंशांचा मे महिना ३१८ केल्विनचा, आणि मेघ असतो १० ते २० केल्विनचा! कार्बन मोनॉक्साइडला पहिल्या पायरीसाठी साडेपाच केल्विन पुरतात. दहा हजार हायड्रोजन रेणूंमागे तो जेमतेम एक असतो, तरी पुरतो.

प्रश्न : मग पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेच का बघत नाहीत?
— वाचक, प्रतापनगर

उत्तर : त्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या मीटर-सेंटिमीटरच्या लहरींसाठी आहेत. त्यांच्या जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची आणि कार्बन मोनॉक्साइडच्या पहिल्या रेषेची लहर २.६ मिलिमीटरची, म्हणजे ती आरपारच जाणार. शिवाय हवेतली वाफ अशा लहरी शोषते. अल्मा ५,००० मीटर उंचीवरच्या कोरड्या आटाकामात उगीच नाही बांधली. जीएमआरटीवर २१ सेंटिमीटरचा आण्विक हायड्रोजन उत्तम दिसतो, तो या मेघांचा कच्चा माल.

प्रश्न : नागपूरच्या आसपास डोळ्यांनी काही दिसेल?
— वाचक, मानेवाडा

उत्तर : वायू नाही, पण त्यातली धूळ दिसते. पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, तिकडे जा. ऑक्टोबरच्या मध्यानंतर, अमावास्येच्या आसपास, साडेसातच्या सुमारास डोक्यावर हंस आणि त्याच्या दक्षिणेला श्रवण असतो. त्यांच्यामध्ये आकाशगंगेचा पट्टा उभा चिरल्यासारखा दिसतो. ती चीर म्हणजे तारे नसलेली जागा नव्हे, आपल्याच दीर्घिकेतले रेण्वीय मेघ मागचा प्रकाश अडवतायत. एम ७४ ला आठ इंची दुर्बीण लावली तरी फिकट डागच दिसेल, त्याचे सर्पिल हात नाहीत. आणि मोबाइल खिशातच ठेवा, एकदा पडदा उजळला की डोळ्यांना पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं लागतात.