धातू वाकतो, मग ॲल्युमिनाची नळी का तडकते?

प्रश्न असा आहे: बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत थर्मोकपलवरची (तापमान मोजणाऱ्या तारांवरची) ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकची, नळी धक्क्याने तुटते, लोखंडी सळी वाकते. डिसलोकेशन, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष, सरकली की धातू वाकतो. ती दोन्हींत असतात, मग फरक कशाचा?

असतात, पण ॲल्युमिनात ती जागची हलत नाहीत. तिथले बंध आयनिक आणि सहसंयुज. अणूंची ओळ सरकवायची तर समान भाराचे आयन एकमेकांसमोर येतात. त्यामुळे साध्या तापमानाला डिसलोकेशन सरकण्याआधीच भेग धावते. साधारण हजार अंशांच्या आसपास ती हलू लागतात, तीही मोजक्याच प्रतलांवर. अनेक कणांचा (बारीक स्फटिकांचा) तुकडा न फाटता हवा तसा वाकायला पाच स्वतंत्र घसरणी, म्हणजे अणूंचे थर सरकण्याच्या पाच वेगळ्या रीती, लागतात; इथे तेवढ्या मिळत नाहीत. मॅग्नेशियम ऑक्साइडचा एकटा स्फटिक थंडपणीही थोडा आकार बदलतो, पण त्याच्याच कणांचा तुकडा फुटतो, तो याच हिशेबाने.

खरी गंमत कणसीमेवर, म्हणजे दोन कण जुळतात तिथे. शेजारच्या कणांतल्या अणूंच्या ओळींच्या दिशेत दोन-चार अंशांचाच फरक असेल, तर ती सीमा म्हणजे डिसलोकेशनचीच रांग. कोन वाढला की रांग ओळखू येत नाही. अशा सीमेवर सिलिका, कॅल्शियम साचतं. कधी जेमतेम एक नॅनोमीटर जाडीची काचेची साय धरते. भट्टीत ती मऊ होते, कण एकमेकांवर सरकतात आणि आडवी लावलेली नळी महिनोन्‌महिने खाली झुकत जाते. (हिंडाल्कोचा ॲल्युमिना कारखाना आपल्या बेळगावातच आहे, तरी नळी घेताना शुद्धता कुणी विचारत नाही!)

तुमची नळी मात्र बहुधा वितळलेल्या धातूच्या रसात थंडच बुडवल्यामुळे जाते. आधी तापवून घ्या.