'गेट' या इंग्रजी क्रियापदाचे नेमके किती अर्थ आहेत आणि ते पाठ कसे करायचे?

पाठ करूच नका. शब्दकोशात डझनांनी अर्थ सापडतील, पण गेटच्या पुढे काय आलंय ते बघितलं की बहुतेक वेळा काम भागतं. नाम आलं तर मिळणं, आणणं, कधीकधी कळणं. विशेषण आलं तर होणं, जसं गेट टायर्ड, गेट अँग्री. ठिकाण आलं तर पोचणं. अप, ओव्हर, अवे वगैरे चिकटलं तर मात्र प्रत्येक जोडी वेगळी शिकावी लागते, त्याला इलाज नाही.

पण मी लिहायला बसलेय ते दुसऱ्याच कारणाने. 'चांगल्या इंग्रजीत गेट वापरत नाहीत म्हणतात' असं तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात, ते मला लागलं. माझ्या जुन्या ऑफिसात एक सीनियर होते, दिसेल तिथे गॉट खोडायचे आणि रिसीव्ह्ड नाहीतर ऑब्टेन्ड घालायचे. तिथवर ठीक, अर्थ बिघडत नव्हता. एकदा मी रिपोर्टसोबतच्या मेलमध्ये लिहिलं, आय गॉट द फिगर्स चेक्ड. म्हणजे आकडे मी तपासून घेतले, आणि अकाउंट्सवाल्यांनी ते खरंच तपासले होते. साहेबांनी त्याचं आय चेक्ड द फिगर्स केलं आणि माझ्या नावाने मेल पुढे गेला. आकड्यांत चूक निघाल्यावर भर मीटिंगमध्ये जाब मला विचारला, की मी तपासले असं तुम्हीच लिहिलंय. मी मूळ ड्राफ्ट दाखवला तर म्हणतात, अर्थ एकच आहे! तपासले आणि तपासून घेतले, हे एकच कसं? एका गेटमध्ये काम दुसऱ्याने केलं आणि मी ते करवून घेतलं हे दोन्ही येतं, ते साहेबांना दिसलंच नाही, त्यांना फक्त शब्द हलका वाटला.

हलका कसला, जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेला शब्द आहे, इंग्रजीत शेकडो वर्षं मुरलेला, आणि फरगेटमधला गेटसुद्धा त्याच कुळातला. शिवाय त्याच्या छटा दुसऱ्या शब्दात बसत नाहीत. मेक हिम साइन म्हणजे सही करायला लावा, गेट हिम टु साइन म्हणजे बहुतेक वेळा समजावून, मागे लागून सही मिळवा (इथे टु लागतो, मेकला लागत नाही, ही चूक फार होते). आय गेट टु गो मध्ये जायची संधी मिळतेय, आय हॅव गॉट टु गो मध्ये जावंच लागणार आहे.

म्हणून कोणी तुमचं गेट खोडलं तर बदललेलं वाक्य पाठवायच्या आधी वाचा, काम करणारा बदललाय का बघा, आणि बदलला असेल तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या, समोर कितीही मोठा माणूस असू दे.

हां, करारात किंवा अर्जात ऑब्टेन, रिसीव्ह शोभतात, तिथे हट्ट नको. आणि गॉटन हे रूप अमेरिकेत सर्रास चालतं, ब्रिटिश इंग्रजीत सहसा गॉटच, तेव्हा परीक्षा कुठली आहे ते बघून लिहा.