गॅलरीतला मोगरा, जास्वंदीचा कापूस आणि सासूबाईंचे बोट
(वाचकांचे प्रश्न : घरची बाग)

प्रश्न : आमची सदनिका चौथ्या मजल्यावर असून गॅलरीचे तोंड उत्तरेला आहे. तीन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून कळ्यांसह आणलेल्या मोगऱ्याला पहिला आठवडा सोडला तर आजतागायत एकही फूल आलेले नाही. पाने मात्र हिरवीगार आहेत. चहाचा चोथा, केळ्याच्या सालींचे पाणी, अंड्याची टरफले, ताक आणि दर पंधरवड्याला चिमूटभर युरिया असे सर्व काही देऊन झाले. समोरच्या इमारतीतल्या मोगऱ्याचा वास रोज संध्याकाळी आमच्या घरात येतो, तेव्हा फार चुटपुट लागते. काय चुकते आहे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पहिल्या वाक्यात आहे. मोगऱ्याला फुलण्यासाठी रोज किमान 5 ते 6 तास थेट ऊन लागते आणि उत्तरेच्या गॅलरीत ते मिळत नाही. पुणे सुमारे 18.5 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो जरासा उत्तरेला सरकतो खरा, पण तेव्हा तो जवळजवळ डोक्यावर असल्याने वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली आपल्या कुंडीवर पडते. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ जे तिरपे ऊन येते, तेवढ्यावर पाने वाढतात, कळ्या धरत नाहीत. आपल्याला लख्ख वाटतो तो पुष्कळदा नुसता उजेड असतो. सकाळी दहा वाजता कुंडीवर हात धरून पाहावा. बोटांची सावली रेखीव पडली तर ते ऊन, आणि सावलीच्या कडा विरघळल्यासारख्या दिसल्या तर तो उजेड.

युरिया मात्र आजच थांबवावा. त्यातल्या नत्राने पाने फोफावतात आणि फुलांचे राहूनच जाते. अंड्याची टरफले कुंडीत कुजायला कित्येक महिने लागतात आणि त्यांचा फुलण्याशी फारसा संबंधही नाही. आपला चहा दुधासाखरेचा असेल, तर त्याचा न धुतलेला चोथा म्हणजे मुंग्यांना आग्रहाचे आमंत्रणच होय. पत्रातील उपायांची यादी वाचताना मला त्या रोपाची थोडी कीव आली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

गच्चीवर कुंडी ठेवण्याची परवानगी मिळाली, तर जानेवारीत दोन आठवडे पाणी अगदी बेताचे द्यावे, मग सर्व फांद्या सुमारे एक तृतीयांश छाटून उरलेली पाने काढून टाकावीत. वरची दोन इंच माती खरवडून तेथे चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी व नेहमीप्रमाणे पाणी सुरू करावे. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते, त्यामुळे फांद्या जुन्याच राहिल्या की फुलेही रुसतात. एक बहर ओसरला की ती टोके दोन पानांखाली खुडावीत, म्हणजे पुन्हा फूट येते. गच्ची मिळत नसेल, तर हा मोगरा उन्हाचे अंगण असलेल्या एखाद्या आप्ताला देऊन टाकावा आणि गॅलरीत विड्याच्या पानांचा वेल लावावा. त्याला सावली आणि दमटपणा मानवतो. जेवणानंतर घरचे पान मिळेल आणि समोरच्यांच्या मोगऱ्याचा वास तर आपल्याला फुकट मिळतोच आहे.

प्रश्न : जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस येतो, पाने आक्रसतात, कळ्या गळतात. दुकानदाराने दिलेले कीटकनाशक दोनदा फवारले. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. झाड उपटून टाकावे काय?
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : उपटू नये. हा पिठ्या ढेकूण आहे. त्याच्या अंगावर मेणाचे आवरण असल्यामुळे फवारलेले पाणी ओघळून जाते आणि कापसासारख्या पुंजक्यात जपलेल्या अंड्यांपर्यंत औषध पोहोचतच नाही. म्हणून पंधरा दिवसांनी नवी पिढी हजर होते. तो रस शोषून जो गोड, चिकट द्रव टाकतो त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. बुंध्यावरून मुंग्यांची ये-जा दिसत असेल, तर पहिला बंदोबस्त त्यांचाच करावा. कुंडी दोन विटांवर उचलून, त्या विटा पाणी भरलेल्या पसरट ताटलीत ठेवाव्यात आणि झाडाची फांदी भिंतीला किंवा कठड्याला टेकणार नाही हे पाहावे. आक्रसलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावेत. ते खताच्या डब्यात टाकू नयेत. मग उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 1 लिटर पाण्यात 5 मिली निमतेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब घालून, चांगले घुसळून, पानांच्या खालच्या बाजूस व फांद्यांच्या बेचक्यांत फवारावे. आधी एकाच फांदीवर करून पाहावे आणि पाने करपली नाहीत तर दर आठ दिवसांनी असे तीन वेळा करावे.

फवारण्यापूर्वी मात्र भिंग घेऊन दोन मिनिटे त्या कापसाकडे पाहावे. त्यात एखादा किडा इतरांहून मोठा, लांब पांढऱ्या झुपक्यांचा आणि लगबगीने चालणारा दिसला, तर तो शत्रू नसून आपला पाहुणा आहे. क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची ही अळी पिठ्या ढेकणावरच जगते आणि हुबेहूब त्याचाच वेष घेते. हा ढालकिडा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. दुकानातले कीटकनाशक त्यालाही मारते. ज्या फांदीवर तो दिसेल ती फांदी त्याच्यावर सोपवून द्यावी. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोईमतूरला प्रथम आढळला आणि बघता बघता पपईबरोबर तुती, जास्वंद अशा अनेक झाडांवर पसरला, तेव्हाही कीटकनाशके पुरी पडली नाहीत. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या एका इवल्याशा परोपजीवी माशीने तो आटोक्यात आणला.

प्रश्न : कुंड्यांचे पाणी खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते म्हणून रोज वाद होतो. शेजारी कुंड्या हलवा म्हणतात.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शेजाऱ्यांची बाजू बरोबर आहे. प्रत्येक कुंडीखाली खोल बशी ठेवावी आणि बोट पेरभर मातीत खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घालावे; मग बशीत फारसे उतरणारच नाही. आठवड्यातून एकदा बशी रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. मुंग्यांसाठी वर सांगितलेल्या ताटलीलाही हाच नियम लागू आहे. कठड्याच्या बाहेर लटकणाऱ्या कुंड्या मात्र आजच आत घ्याव्यात. 12 इंची कुंडी भिजली की 25 किलोच्या आसपास भरते, आणि ती पडली तर वाद कपड्यांपुरता राहणार नाही.

प्रश्न : गच्चीवर पिंपात दुधीचा वेल लावला आहे. मांडव भरून पांढरी फुले येतात, त्यांतल्या काहींमागे बोटाएवढा दुधीही दिसतो, पण तो चार दिवसांत पिवळा पडून गळतो. असे अकरा गळले. सासूबाईंच्या मते आम्ही कोवळ्या फळाकडे बोट दाखवतो म्हणून ते कुजते.
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : बोट निर्दोष आहे, उलट येथे बोटांचेच काम आहे. ज्या फुलामागे इवला दुधी असतो ते मादी फूल, आणि बारीक लांब देठाचे ते नर. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांचा तेथे फारसा उपयोग होत नाही. हे काम मुख्यतः रात्रीचे पतंग करतात, आणि उंच इमारतीच्या गच्चीवर ते क्वचितच येतात. परागकण न मिळालेला दुधी वेल स्वतःच टाकून देतो.

दिवेलागणीला गच्चीवर जावे. नुकतेच उमललेले नर फूल देठासह खुडून त्याच्या पाकळ्या अलगद मागे ओढून काढाव्यात आणि मधला पिवळा परागदंड मादी फुलातल्या गाठीवर सगळीकडून हळुवार टेकवावा. पिवळी पूड लागलेली नुसत्या डोळ्यांना दिसते. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. जमल्यास हे काम सासूबाईंच्या हातून करवावे, म्हणजे पुढे बोटाचा विषय निघणार नाही. आठवडाभरात देठ खाली झुकून दुधी अंगठ्याहून जाड झाला तर तो धरला असे समजावे, आणि त्यानंतर पाण्यात एक दिवसही खंड पडू देऊ नये. साधारण पंधरा दिवसांनी, सालीत नख सहज रुतते आहे तोवरच, तो काढावा. चिरताना एक लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा, तो दुधी शिजवू नये आणि त्याचा रसही काढू नये, कारण कडू दुधी विषारी असतो.