टाळेबंदी की लॉकडाऊन?

प्रश्न असा आलाय: एक जण २०२० च्या कोरोनातली कादंबरी लिहितायत, सोलापुरातलीच, घरात यंत्रमाग आहेत, आजी विड्या वळते. संपादक म्हणतात ‘लॉकडाऊन’ काढा, ‘टाळेबंदी’ घाला, शुद्ध मराठी होईल. घालायचं का?

नका घालू. आणि त्याआधी, ‘ताळेबंदी’ लिहिणाऱ्यांनी जरा थांबा हो. ताळेबंद सीए करतो, वर्षाअखेरीला. कोरोनावरची कथा उघडली की हा ‘ळ’च्या आधीचा ‘ता’ दिसतोच आणि माझं डोकं फिरतं.

आता टाळेबंदी. पेपरवाल्यांना वाटतं लॉकडाऊनला आपण मराठी शब्द दिला. अहो, जुनी गिरणी, विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यावर उठलेलं गाव आहे हे, इथं हा शब्द आजोबांच्या तोंडात होता. कामगार करतो तो संप, मालक करतो ती टाळेबंदी, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं लॉकआऊट. गेटला टाळं आणि माणूस रस्त्यावर. लॉकडाऊनमध्ये माणूस घरात कोंडलेला. बरोबर उलटं! गिरणी कामगाराच्या घरात ‘टाळेबंदी झाली’ म्हटलं तर म्हातारं माणूस विचारेल, कुठल्या गिरणीत?

पण शब्द म्हणून टाळे मला फार आवडतो, त्याचं कारण सांगतो. कुलूप अरबी ‘कुफ्ल’वरनं आलं, अक्षरं उलटीपालटी होऊन. टाळे मात्र संस्कृत ‘ताल’. मोनियर विल्यम्सचा कोश काढा, तालच्या नोंदीत ताडाचं झाड, हाताचा तळवा, टाळी, झांज आणि कुलूप, सगळे एका पंगतीत बसलेत. काही विद्वान म्हणतात कुलपाचा ताल वेगळा, टाळीचा वेगळा. म्हणोत. माझं मत असं की दोन तळवे एकमेकांवर बसले की टाळी, दोन फळ्या एकमेकांवर बसल्या की टाळं, क्रिया तीच, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी जुन्या वाड्याचं दार रात्री लावून बघावं, आवाज ऐकावा. आता २०२० आठवा. २२ मार्च, रविवार, संध्याकाळी पाचला अख्ख्या देशानं गॅलरीत उभं राहून टाळ्या वाजवल्या. २४ ला, मंगळवारी, मध्यरात्रीपासून २१ दिवस टाळं. रविवारी टाळी, मंगळवारी टाळं! आणि आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर, आषाढीला पादुका एसटीनं आल्या, जिथं टाळ वाजायचे तिथं मंदिराला भाविकांसाठी टाळं. टाळ, टाळी, टाळं, एका आईची तीन लेकरं. हे कुठल्याच कोरोना कादंबरीत मला अजून सापडलं नाही, तुम्ही वापरा, फुकट आहे.

हां, तुमचा प्रश्न. निवेदनात सरळ लॉकडाऊन लिहा, तो आता मराठीच झालाय, ‘लॉकडाऊन लागला’ म्हणतो की आपण. संचारबंदीही घाला, पण पोलिसाच्या तोंडी. आणि आजी? तिला कारखान्यातनं पानं मिळेनात, तंबाखू मिळेना, माल द्यायचा कुणाला. ती लॉकडाऊन पण म्हणणार नाही बे, ती म्हणेल “समदं बंद हुतं तवा.”