मुलगी रात्री अकरापर्यंत लॅपटॉपवर असते, तिला नोकरी सोडायला सांगू का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी चोवीस वर्षांची, पहिलीच नोकरी, दीड वर्ष झालंय. सकाळी नऊला लॅपटॉप उघडते तो रात्री अकराला मिटतो, शनिवारी पण मेसेज येतातच, वजन उतरलंय, आधी चित्रं काढायची ती वही आता कपाटात पडून आहे, मैत्रिणींचे फोन पण घेत नाही. तिचे बाबा म्हणतात सुरुवातीची वर्षं रगडायचीच असतात, तुम्हाला वाटतं सरळ राजीनामा द्यावा, आणि ती दोघांचंही ऐकत नाही. तुम्ही विचारलंय, सोडायला सांगू का?

माझं उत्तर असं की आत्ता लगेच नको. आधी हे बघा की हे तास येतायत कुठून. ते न कळता नोकरी बदलली ना, तर बऱ्याचदा माणूस तेच वेळापत्रक नव्या ऑफिसात घेऊन जातो, करिअर काउन्सेलर म्हणून माझ्याकडे अशी तिसरी नोकरी करणारी मुलंमुली येतात आणि तक्रार शब्दनशब्द तीच असते.

पण तुमची काळजी उगाच नाही हेही सांगतो. नऊ ते अकरा, मधले जेवणाबिवणाचे दोन तास काढले तरी बारा तास झाले, पाच दिवसांचे साठ, वर शनिवार. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक मोठा अभ्यास मांडला होता, त्यात आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त दिसला, आणि हृदयविकाराने जाण्याचा १७ टक्के जास्त. आता हे वाचून घाबरून जाऊ नका, हा वर्षानुवर्षं तसं राबल्यावरचा हिशोब आहे, दीड वर्षाचा नाही. पण "तरुण आहे, काही होत नाही" हे म्हणत म्हणतच ती वर्षं साठत जातात.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पहिल्या दोन तीन वर्षांत हात जेवढा बसतो तेवढा नंतर बसत नाही आणि त्याला वेळ द्यावाच लागतो, मान्य. पण जास्त तास म्हणजे जास्त काम, हे गणित ठराविक मर्यादेपर्यंतच चालतं. जॉन पेन्कावेल म्हणून अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तर आठवड्याला ५० तासांच्या आसपास गेल्यावर पुढच्या प्रत्येक तासाचं उत्पादन घसरायला लागलं होतं, आणि ७० तास राबणाऱ्यांचं एकूण काम ५६ तासवाल्यांपेक्षा फार वेगळं नव्हतं. म्हणजे वरचे चौदा तास जवळपास पाण्यात. कारखान्यात निदान माल मोजता तरी यायचा, लॅपटॉपवरच्या कामात तेही नाही, रात्री दहाला केलेली चूक सकाळी निस्तरत बसतो आणि त्यालाच आपण काम म्हणतो.

तर तास कुठून येतात. तिला दोन आठवडे एक साधी नोंद ठेवायला सांगा, म्हणजे तुम्ही नका सांगू, तिला पटलं तर ती ठेवेल. ॲपबिप काही नको, वहीच्या मागच्या पानावर दर दोन तासांनी एक ओळ, आत्ता काय चाललंय. खरं काम, मीटिंग, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघणं, केलेलं काम परत करणं, की नुसतं सगळे बसलेत म्हणून बसणं. माझा अनुभव असा की लोक नोंद ठेवायच्या आधी छातीठोक सांगतात की काम अफाट आहे, आणि नोंद ठेवल्यावर भलतंच काहीतरी बाहेर येतं. सगळ्यात जास्त वेळा दिसणारा प्रकार म्हणजे सीनियर दिवसभर मीटिंगमध्ये, संध्याकाळी सहाला मोकळा होतो, तेव्हा ज्युनियरचं काम तपासतो आणि सतरा बदल पाठवतो. म्हणजे ज्युनियरचा खरा दिवस सातला सुरू होतो. दुपारी ती काय करत असते, तर वाट बघत असते, पण खुर्चीत असते म्हणून तो पण कामाचाच वेळ. याला उपाय राजीनामा नाहीये, त्या सीनियरला जाऊन सांगायचं की दुपारी बाराला मला फक्त पंधरा मिनिटं द्या, अर्धवट असलं तरी दाखवते, म्हणजे बदल दिवसा होतील. कित्येकदा त्या सीनियरला पत्ताच नसतो की आपल्यामुळे कुणाचं तरी रात्रीचं जेवण रोज गार होतंय.

काम परत परत करावं लागत असेल तर सुरुवातीलाच नीट विचारून न घेतल्याचा तो परिणाम असतो. नवीन मुलं विचारायला घाबरतात, वाटतं समोरचा म्हणेल एवढं पण येत नाही, मग अंदाजाने करतात आणि दोनदा करतात. आणि नुसतं बाकीचे उठत नाहीत म्हणून बसत असेल, तर त्याला ताई, एक दिवस उठूनच बघावं लागतं. बहुतेक वेळा कुणी मान वर करूनही बघत नाही.

आता खरोखरच काम जास्त निघालं, दोन माणसांचं एकटीवर आहे, तर मॅनेजरशी बोलावं लागेल. तिथे "मला बॅलन्स मिळत नाहीये" असं बोलून काही होत नाही, तोही म्हणेल मला तरी कुठे मिळतोय. असं बोलावं, "माझ्याकडे आत्ता ही तीन कामं आहेत, शुक्रवारपर्यंत दोन नीट होतील, तिसरं पुढच्या आठवड्यात ढकलू की दुसऱ्या कुणाला देताय?" मग निवड त्याला करावी लागते. आणि हे लेखी असलं तर उत्तम, दोन ओळींची मेल पुरे.

एकदम सातला लॉगआउट करायचा नियम करू नका, तो पहिल्याच आठवड्यात मोडतो आणि मग वाटतं आपल्याला जमतच नाही. आठवड्यातली एकच संध्याकाळ घ्यायची, ठरलेली, समजा बुधवार, सहानंतर मेल नाही मेसेज नाही, आणि टीमला आधी सांगून. लेस्ली पर्लो या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीत नेमका हाच प्रयोग केला होता, म्हणजे जिथे लोक चोवीस तास क्लायंटच्या दिमतीला असतात अशा ठिकाणी, आठवड्यात एक संध्याकाळ सक्तीने मोकळी. आधी कुणाला पटलंच नाही, पण त्या टीममधले लोक कामावर जास्त खूश दिसले, आणि एकमेकांची सुट्टी सांभाळायची म्हणून कोण काय करतंय हे आपसात बोलायला लागले ते वेगळंच. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे आधीपासून माहीत असणं. अचानक मिळालेली संध्याकाळ लोळण्यात जाते, ठरलेल्या संध्याकाळी माणूस मैत्रिणीला हो म्हणू शकतो.

आणि लॅपटॉप मिटायच्या आधी पाच मिनिटं, उद्या सकाळी पहिलं काय, किती वाजता, कसं, हे लिहून टाकायचं. अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात, ती पूर्ण केलीच पाहिजेत असं नसतं, कधी करणार याचा नीट प्लॅन असला तरी डोकं बऱ्यापैकी सोडून देतं. मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत हे दिसलंय.

आता तुमच्याबद्दल थोडं, रागावू नका. "झालं का काम?" हे दर तासाला विचारलेलं तिच्यासाठी अजून एक उत्तर द्यायचं काम असतं. रविवारी झोपली तर झोपू द्या. आणि तिच्यासमोर तुम्ही आणि बाबांनी या विषयावर भांडणं आधी थांबवा, कारण मग ती नोकरीची बाजू घ्यायला लागते, तिला स्वतःला ती पटत नसली तरी.

वजनाचं मात्र कामावर ढकलू नका. डॉक्टरांना एकदा दाखवा, साध्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, थायरॉईड वगैरे कारणं पण असू शकतात. बर्नआउट हा शब्द हल्ली सगळेच वापरतात, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची जी व्याख्या दिली त्यात तो आजार म्हणून नाही धरलेला, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून धरलाय, आणि त्यात तीन गोष्टी आहेत, पार गळून जाणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातलं नुसतं थकणं असेल तर वर लिहिलेलं करून बघायला वेळ आहे. तिन्ही दिसत असतील, झोप उडालीय, रडू येतंय, कशातच अर्थ नाही असं बोलत असेल, तर करिअर काउन्सेलरकडे नंतर या, आधी मानसोपचारतज्ज्ञ, आणि तेव्हा नोकरी पुढची ठरायच्या आधी सोडली तरी चालेल. ऑफिसात कुणी अपमान करत असेल, धमकावत असेल तरीही तेच.

नाहीतर दोन तीन महिने द्या. नोंद ठेवली, सीनियरशी बोलली, मॅनेजरला लेखी विचारलं आणि तरी ढिम्म काही हललं नाही, तर हातात ही नोकरी ठेवूनच दुसरी शोधायला लागायचं. फक्त इंटरव्ह्यूत "तुमच्याकडे वर्क लाइफ बॅलन्स आहे का" असं विचारू नको म्हणावं, त्याला सगळीकडे हो असंच उत्तर येतं. तिने विचारावं, गेल्या आठवड्यात या टीममधले लोक साधारण किती वाजता निघाले, शेवटचं कधी रात्री थांबावं लागलं आणि कशामुळे, या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले. आणि जमलं तर तिच्याच लेव्हलच्या कुणाशी तरी दहा मिनिटं बोलून घ्यावं, मॅनेजर समोर नसताना.