शिबिरातला ईसीजी आणि नागपूरची चिठ्ठी

या अंकासाठी आलेली पत्रं निवडताना एक गोष्ट जाणवली. छातीत दुखतं म्हणून लिहिणारे थोडे आणि कागदावर काहीतरी छापून आलं म्हणून घाबरलेले जास्त. त्यामुळे यावेळी फक्त हृदयाच्या तपासण्यांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझे मालक ५२ वर्षांचे आहेत. गावात शिबिर झालं, त्यात ईसीजी काढला. मशीनमधून निघालेल्या कागदावर 'अ‍ॅबनॉर्मल ईसीजी' आणि 'सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड' असं आलं. तिथला मुलगा म्हणाला, जुना अटॅक येऊन गेलेला दिसते, नागपूरला दाखवा. लगेच चिठ्ठीही दिली. यांना छातीत कधीच दुखलं नाही, पंप पाठीवर घेऊन वावरात दिवसभर फवारतात. बीपी १५०/९४ निघालं. खर्रा (तंबाखू-सुपारी) दिवसाला चार-पाच पुड्या. दीर म्हणतात, तूर विकून सरळ अँजिओग्राफी (नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र) करून घ्या. आठ दिवसांपासून घरात कोणाला झोप नाही.
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तूर सध्या घरातच राहू द्या.

आधी एवढं बघा. चालताना किंवा जिना चढताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीच्या कामाला अलीकडे लागणारी धाप, विनाकारण घाम, चक्कर येऊन पडणं, यातलं काही आहे का? असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, पुढचं वाचत बसायचं नाही. शुगर असलेल्या माणसाला छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो, म्हणून त्याच्या बाबतीत धाप आणि घाम यांनाच दुखण्याइतकं महत्त्व द्या. यातलं काहीच नसेल तर तुमच्याकडे काही दिवस आहेत, ते नीट वापरा.

आता तो कागद. 'सेप्टल इन्फार्क्ट' म्हणजे हृदयाच्या मधल्या पडद्याच्या स्नायूला अटॅकने झालेली इजा. 'एज अनडिटरमाइन्ड' वाचून पुष्कळांना वाटतं की पेशंटच्या वयाबद्दल काहीतरी आहे. तसं नाही. 'इजा असलीच तर कधीची ते सांगता येत नाही' एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ते वाक्य डॉक्टरांचं नाही. मशीनमधला प्रोग्रॅम रेघांची मापं घेऊन ठरावीक वाक्यं छापतो आणि चूक झालीच तर 'आजार आहे' या बाजूला झुकतो. कागदाच्या कोपऱ्यात 'अनकन्फर्म्ड' छापलंय का बघा. छापलं असेल तर तो कागद अजून कुठल्याही डॉक्टरांनी वाचून सही केलेला नाही.

'सेप्टल इन्फार्क्ट' हे वाक्य खोटं छापून येण्याचं नेहमीचं कारण अगदी साधं आहे. छातीवर सहा ठिकाणी वाट्या लावतात. पहिल्या दोन, व्ही-वन आणि व्ही-टू, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या-डाव्या कडेला चौथ्या फटीत लागायला हव्यात. जागा शोधायची रीत अशी : गळ्याच्या खळगीपासून बोट खाली सरकवलं की चार-पाच सेंटीमीटरवर हाडाला आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिच्याखालची दुसरी फट, आणि तिथून आणखी दोन फटी खाली. शिबिरात पन्नास माणसं रांगेत असली की कोणी बरगड्या मोजत नाही. वाट्या गळ्याजवळ, दुसऱ्या-तिसऱ्या फटीत चिकटवल्या जातात. मग त्या दोन जागांच्या वर जाणाऱ्या रेघा खुज्या दिसतात आणि मशीन समजतं की तिथला स्नायू मेलेला आहे. हातांचे चिमटे उलटसुलट लागले तर 'लीड-वन' ही रेघच उलटी छापली जाते, तीही पुष्कळांची झोप उडवते.

म्हणून पहिलं काम, ईसीजी परत काढणं. प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर ग्रामीण रुग्णालयात. अंगावरचा घाम कोरड्या कपड्याने पुसायचा, दहा मिनिटं पडून राहायचं, मोबाइल बाजूला ठेवायचा. 'व्ही-वन, व्ही-टू चौथ्या फटीत लावा' असं बिनधास्त सांगा, राग मानण्यासारखं त्यात काही नाही. छातीवर दाट केस असतील तर तेवढी जागा भादरून घ्या, नाहीतर वाटी नीट बसत नाही. आणि यांचा पाच-दहा वर्षांपूर्वीचा, हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळचा वगैरे ईसीजी घरात सापडला तर त्यासारखं दुसरं काही नाही. रेघा तेव्हाही अशाच असतील तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

हा कागद जपायचा कसा, तेही सांगतो. ईसीजी उष्णतेने छापला जातो. मोटारसायकलच्या डिक्कीत मे महिन्यात ठेवला तर काळा पडतो, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये महिनोन्‌महिने राहिला तर रेघा पुसट होतात. त्याच दिवशी दोन झेरॉक्स काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर उजेडात, सपाट टेबलावर, पूर्ण कागदाचा फोटो घ्या. खालच्या कडेचं '२५ एमएम' आणि '१० एमएम' हे आकडे फोटोत आलेच पाहिजेत. त्यांच्याशिवाय रेघेची उंची-रुंदी कोणालाच मोजता येत नाही.

दाखवायचं कोणाला? आधी एमडी मेडिसिन, म्हणजे फिजिशियन. थेट हृदयरोगतज्ज्ञच हवेत असं नाही. तुम्हाला यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचं शासकीय सुपर स्पेशालिटी हे त्यानंतरचे टप्पे. आरोग्य केंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर फिजिशियनशी बोलणं होऊ शकतं, तेही विचारा. तिथे विचारायचा प्रश्न एकच : 'याला ईको (हृदयाची सोनोग्राफी) पुरे, की आणखी काही लागेल?' खरोखर जुना अटॅक असेल तर बहुतेक वेळा ईकोत हृदयाच्या भिंतीचा तो भाग कमी हलताना दिसतो. भिंती सारख्या हलत असतील, पंपिंग चांगलं असेल, तर निव्वळ मशीनच्या वाक्यावरून अँजिओग्राफी करायला आधार उरत नाही.

भरलेला १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन माणूस धाप न लागता काकऱ्या पालथ्या घालतो, हीसुद्धा डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. त्यावरून ब्लॉकेज नाहीच असं सिद्ध होत नाही, पण अंदाजाला वजन येतं. फवारणीनंतर मळमळ, लाळ, डोळ्यांपुढे धूसर असं झालं असेल तर तेही सांगा. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांच्या विषबाधेत ठोके मंदावतात आणि ईसीजीही बदलतो.

खरं म्हणजे तुमच्या पत्रात काळजीची गोष्ट दुसरीच आहे. ईसीजीच्या ओळीवरून आठ दिवस झोप नाही, आणि १५०/९४ एका वाक्यात उरकलं. बीपी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा : पाच मिनिटं बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीवर, आणि आधीचा अर्धा तास खर्रा-चहा नाही. तंबाखूने बीपी आणि ठोके दोन्ही वाढतात. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर राहिली तर ते बीपीच आहे. सोबत उपाशीपोटी शुगर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी). खर्रा सोडायला रुग्णालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगमबद्दल विचारा. पाच पुड्यांवरून एकदम शून्यावर आलं की पहिला आठवडा चिडचिडीचा जातो, घरच्यांनी तेवढं सोसायचं.

प्रश्न : आईचं वय ६१. जिना चढताना दम लागतो म्हणून टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) केली, 'पॉझिटिव्ह' आली. डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली आणि 'ब्लॉक निघाला तर लगेच स्टेंट टाकू' असं म्हणाले. सही करायची का?
— दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : दादा, टीएमटीच्या रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' या शब्दापेक्षा बाकीचे आकडे जास्त बोलतात. पट्ट्याचा वेग आणि चढ दर तीन मिनिटांनी वाढतो. ठोके वयाच्या हिशेबाने २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के गाठायचे असतात. तुमच्या आईसाठी ते मिनिटाला साधारण १३५. ईसीजीच्या रेघेत बदल कितव्या मिनिटाला आला, किती मिलिमीटरचा, छातीत दुखलं का, बीपी वाढायच्या ऐवजी घसरलं का, आणि थांबल्यावर रेघ किती वेळात जागेवर आली, हे बघा. तिसऱ्या मिनिटालाच रेघ दोन मिलिमीटर खाली, वर छातीत दुखणं किंवा बीपी घसरणं, हा रिपोर्ट गंभीर आहे, त्याला थांबू नका. नवव्या मिनिटाला एक मिलिमीटर, दुखणं नाही, मिनिटभरात पूर्ववत, याची गोष्ट वेगळी.

बायकांमध्ये टीएमटी खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. त्यात रक्त कमी असेल, बीपीमुळे हृदयाचा स्नायू जाड झाला असेल, पोटॅशियम कमी असेल, तर रेघ ब्लॉकेज नसतानाही खाली जाते. आईंचं हिमोग्लोबिन किती आहे? पत्रात नाही. ८ असेल तर दम लागायला तेच पुरेसं आहे. आपल्याकडे सिकलसेलही पुष्कळ घरांत आहे, तपासलेलं नसेल तर ती चाचणीही सांगून ठेवा. आणि लुगडं सावरत, चपलेवर, आयुष्यात पहिल्यांदा त्या पट्ट्यावर चढलेली बाई समोरचा दांडा घट्ट धरून ठेवते, मग चाचणीतल्या मिनिटांना काही अर्थ राहत नाही. परत करायचीच तर पंजाबी ड्रेस, बूट आणि आधी दोन-तीन तास पोट हलकं.

दम लागतोय, त्यामुळे तपास अर्धवट सोडू नका. पण पुढची पायरी लगेच मनगटातून नळी घालण्याचीच असते असं नाही. सीटी अँजिओग्राफी (स्कॅनवर काढलेलं चित्र) किंवा स्ट्रेस ईको (हृदयावर ताण देऊन काढलेला ईको) चालेल का, हे विचारा. अँजिओग्राफी ठरली तर क्रिएटिनिन आधी बघा, शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर आवर्जून सांगा.

आता सहीचं. संमतीपत्रावर अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी (फुग्याने ब्लॉक उघडून स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, टाकणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बऱ्याचदा एकाच कागदावर असतात. 'आधी फक्त अँजिओग्राफी करा, चित्र दाखवा, मग आम्ही ठरवतो' असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चालू अटॅकमध्ये मात्र असं अडून बसू नका, तिथे मिनिटं मोलाची असतात. एरवी चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. ७० टक्के किंवा जास्त ब्लॉक मोठा समजतात, डावीकडच्या मुख्य रक्तवाहिनीला ५० टक्केही पुरे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात ५,१७९ स्थिर रुग्ण होते. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा ब्लॉक असलेले आणि पंपिंग फार कमी झालेले त्यात घेतलेच नव्हते. आधी औषधं देऊन पाहिलेले आणि सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपासकडे नेलेले, यांच्यात मृत्यू आणि अटॅकचा मोठा फरक सुमारे तीन वर्षांत दिसला नाही. छातीत वारंवार दुखणाऱ्यांना मात्र प्रक्रियेने जास्त आराम पडला. म्हणजे स्थिर माणसाला विचार करायला वेळ असतो. त्या वेळात लिहून दिलेली अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद करू नका.

पैशाचं : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे, चौकशीसाठी १५५३८८. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन भरती व्हायच्या आधी त्याला गाठा, कारण मंजुरी प्रक्रियेच्या आधी लागते. योजना मुख्यतः भरतीच्या उपचारांसाठी आहे, ओपीडीतला ईको-टीएमटी तिच्यात बसेल असं धरून निघू नका. स्टेंटच्या किमतीवर सरकारने २०१७ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे, बिलात स्टेंटची ओळ वेगळी लिहून मागा.

प्रश्न : ईकोच्या रिपोर्टवर 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन, ट्रिव्हियल टीआर, ईएफ ६० टक्के' आहे. वय ५८, बीपीची गोळी चालू. हृदय ४० टक्के बंद पडलं का?
— आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नाही, काकाजी. हृदय एका ठोक्याला आतलं सगळं रक्त कधीच बाहेर फेकत नाही, 'ईएफ' म्हणजे दर ठोक्याला बाहेर जाणारा वाटा, तो ५५ ते ७० टक्के म्हणजे नॉर्मल. 'ट्रिव्हियल टीआर' म्हणजे झडपेतून नावापुरती गळती, ती धडधाकट माणसांतही दिसते. 'ग्रेड वन' म्हणजे स्नायू सैल पडायला थोडा वेळ घेतो, साठीजवळ आणि बीपी असलेल्यांत हे नेहमीचं आहे. गोळी चुकवू नका, लोणचं-पापड-ठेचा आवरा. दम नसेल तर दर सहा महिन्यांनी ईको करायची गरज नाही.

प्रश्न : गाव तालुक्यापासून २२ किलोमीटर. रात्री छातीत दुखलं तर काय करायचं? खिशात सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची गोळी) ठेवावी का?
— धानोरा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिली असेल तरच. ती बीपी एकदम उतरवते. बीपी आधीच कमी असेल, काही विशिष्ट अटॅक असेल किंवा माणसाने ताकदीची (व्हायग्रासारखी) गोळी घेतलेली असेल, तर धोक्याची. द्यायचीच झाली तर बसवून, उभ्याने नाही.

घरात ठेवण्यासारखी गोळी अ‍ॅस्पिरिन. छातीवर दाब, घाम, दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारं दुखणं : १०८ लावा, ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला द्या. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटातला रक्तस्राव, किंवा तोंड वाकडं होऊन हात लुळा पडलेला असेल तर देऊ नका. गॅस समजून सोडा-लिंबू करण्यात पहिला तास जातो, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा सगळ्यात जास्त फायदा पहिल्या काही तासांतच असतो. ते १२ तासांपर्यंत देतात, पण दर तासाला मरणाऱ्या स्नायूचा हिशेब वाढत जातो. इंजेक्शन घेऊन स्थिर झाल्यावर, सहसा पुढच्या २४ तासांत, अँजिओग्राफीसाठी मोठ्या ठिकाणी हलवतात.

म्हणून आजच, दिवसा, जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन दोन गोष्टी विचारा : रात्री ईसीजी निघतो का, आणि ते इंजेक्शन इथे देतात का. नसेल तर कुठे देतात, आणि रात्री कोणत्या रस्त्याने जायचं, पावसाळ्यात कोणता नाला अडवतो. पहिला ईसीजी किंवा ट्रोपोनिन (अटॅकची रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून घरी आणू नका. ट्रोपोनिन दुखणं सुरू झाल्यावर काही तासांनी वाढतं, म्हणून दोन्ही परत करायला सांगा. १०८ यायला उशीर असेल तर गावातली चारचाकी काढा, माणसाला चालवत नेऊ नका, दोघांच्या मधे मोटारसायकलवर तर मुळीच नाही. जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, आधार आणि रेशन कार्ड एका पिशवीत भरून दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे ते शेजाऱ्यालाही दाखवून ठेवा.