शटर गंजलंय, पण एफडी मोडू नका

ताई, नमस्कार. मांद्र्याला किनाऱ्यालगत घर, गाडीच्या खोलीचं लोखंडी शटर खालून गंजलेलं, गुडघ्यांमुळे ते वर ढकलणं जमत नाही, आणि हातात मोटरसह ॲल्युमिनियम शटरचं 1,10,000 रुपयांचं कोटेशन. त्यासाठी दोन लाखांची एफडी मोडू की 15 टक्क्यांनी कर्ज काढू, असं तुम्ही विचारलंय.

कोटेशनची शेवटची ओळ पुन्हा वाचा: 'जीएसटी वेगळा'. 18 टक्के धरले की रक्कम 1,29,800 होते. ती दोन वर्षांत फेडायची तर हप्ता साधारण 6,300 रुपये, आणि नुसत्या व्याजाचे 21 हजार. कर्ज नकोच. आणि एफडी ही आजारपणासाठी ठेवलेली तुमची एकुलती एक पुंजी, तिला हात लावू नका.

मोटर मात्र मी चैन मानत नाही. तुमच्या गुडघ्यांना ती हवीच. सोडता येईल ते ॲल्युमिनियम. फोटोत वरच्या पट्ट्या धडधाकट दिसतात. खालच्या तीन-चार पट्ट्या आणि दोन्ही गाइडचे, म्हणजे शटर ज्यांतून सरकतं त्या बाजूच्या उभ्या खाचांचे, तळ खाल्ले गेलेत. म्हणजे उंबऱ्याशी पाणी साचतंय. तिथे उतार काढून घेतला नाही तर नवं शटरही तिथूनच सडायला लागेल. ॲल्युमिनियमवर तांबेरा चढत नाही हे खरं, पण साधे लोखंडी स्क्रू लावले तर खाऱ्या दमट हवेत त्यांच्याभोवती तेही खाल्लं जातं.

म्हणून जस्ताचा जाड थर असलेलं, पावडर कोटिंगचं जीआय शटर आणि मोटर, असं नवं कोटेशन मागवा. शटरच्या 72 चौरस फुटांचा दर, मोटर, बसवणावळ आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. स्क्रू 316 दर्जाच्या, म्हणजे खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या स्टेनलेसचे हवेत. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथे झिंक प्रायमर मारायला लावा. डिसेंबरात तुमच्या आरडीचे 80 हजार हाती येतील. काम त्यात बसवा.

'चवथीआधी बसवून देतो' म्हणून कंत्राटदार घाई करतोय, पण डिसेंबरपर्यंत खालच्या गंजक्या पट्ट्या तेवढ्या बदलून घ्या, पट्ट्या सुट्या काढता येतात. जुनं शटर वजन करूनच द्या आणि भंगाराची किंमत बिलातून वजा करून घ्या. वीज गेल्यावर शटर हाताने उघडायची सोय मोटरला आहे ना, ते पैसे देण्याआधी स्वतः उघडून बघा.